अडलं तर अडू द्या

जीप सकाळी साडेनऊला पेठ रोडवरच्या बिल्डिंगखाली येऊन थांबली आणि तिसऱ्या मजल्यावर संध्याने घड्याळाकडे पाहिलं. सासरची माणसं यावीत, पोटभर जेवावीत, चार दिवस राहावीत, इथवर तिला सगळं हवंच होतं. पण आज दुपारी चारला बालनाट्य स्पर्धेची अंतिम फेरी होती, आणि तिचे सासरे बहिरूआबा नाटकाला आले की काय होतं ते मागच्या वर्षी सगळ्या नाशिकने पाहिलं होतं. सगळ्या म्हणजे त्या दिवशी नाट्यगृहात होतं तेवढ्या. उरलेल्यांनी मोबाइलवर पाहिलं.

मागच्या वर्षी तिच्या लेकीला, हर्षालीला, मोजून तीन वाक्यं होती. नाटक संध्याच्या रविवारच्या नाट्यवर्गाचं. वर्गातली पंचवीस मुलं संध्याला ताई म्हणत, आणि वर्गापुरती तिची स्वतःची लेकही ताईच म्हणे. हर्षाली बोलताना अडखळायची. दुसऱ्या वाक्याच्या तोंडाशीच 'मी' होता, त्या 'मी'वर ती अडकली. अशी ती रोजच अडकायची आणि चार-सहा सेकंदांत आपली आपण सुटायचीही. पण चौथ्या रांगेत तिचा आजा बसला होता. सुट्टीत गावी नातीने घोकलेली वाक्यं त्यालाही पाठ झाली होती. आबा ताडकन उभे राहिले आणि छत हादरेल अशा आवाजात त्यांनी ललकारी देऊन तिचं वाक्य पुरं केलं. शेजारी मोठ्या दिरांनी, दिनेशभाऊंनी, खुर्चीच्या पाठीवर संबळाचा ठेका धरला. सासूबाई कुसाबाई टाळ्या वाजवायला लागल्या. नाट्यगृह आधी गप्प झालं आणि मग जे हसलं, ते पडदा पडेपर्यंत हसत होतं.

यात आपलं काय चुकलं, हे आबांना अजून कळलेलं नव्हतं. त्यांच्या जांभूळपाड्यात चैत्रात बोहाडा होतो. लाकडी मुखवटे चढवून देवादैत्यांची सोंगं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पणजोबांच्या आधीपासून ठरलेलं. या घराकडे त्राटिका. आबांनी ती चौतीस वर्षं नाचवली आणि रामाच्या बाणाने चौतीस वेळा मेले. मैदानातला नियम एकच, सोंग अडता कामा नये. नाचणारा दमला, त्याचं पाऊल चुकलं, त्याला भोवळ आली, की त्याच्या घरच्यांनी उठायचं, ललकारी द्यायची, टाळ्यांनी ठेका धरायचा आणि सोंग उचलायचं. घरचे बसून राहिले तर घराची नाचक्की, आणि अडलेल्या सोंगाचं वर्ष गावाला वाईट. मग नात अडल्यावर आजाने बसून राहायचं? शोभतं का ते?

परीक्षकांनी प्रेक्षकांतून वाक्य पुरवलं म्हणून गुण कापले. त्याचं संध्याला फार नव्हतं. पण शाळेत पोरं हर्षालीच्या मागे "आबा, सांगा ना!" म्हणत फिरायला लागली, आणि तिने हजेरीला 'हजर' म्हणणंसुद्धा सोडलं. नुसता हात वर करायची. असे नऊ महिने गेले. मग दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी ती आपण होऊन वर्गात येऊन बसली. संध्याने नवं नाटक लिहायला घेतलं होतं. दरवर्षी मुकाट मरणारी त्राटिका एकदा मरायला नकार देते आणि बोलते, असं ते नाटक. "त्राटिका मी करणार," हर्षाली म्हणाली. एवढं वाक्य म्हणायला तिला अर्धं मिनिट लागलं होतं, आणि संध्याने तिथल्या तिथे होकार दिला होता.

कुसाबाईंनी टोपली ओट्यावर ठेवली. नागलीच्या भाकरी, उडदाची घट्ट डाळ, खुरासणीची चटणी. "नाटकातल्या समद्या पोरांना पुरल," त्या म्हणाल्या. "तुमच्या शहरातली पोरं बिस्किटं खाऊन नाटकं करत्यात. मंग आवाज कुठून निघायचा?"

आबांच्या काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. संध्या ते घ्यायला गेली तर त्यांनी दिलं नाही. मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले.

"पोरगी कुठं हाय?"

"आत आहे, आबा. आरोहीबरोबर वाक्यं म्हणतेय."

आरोही दिनेशभाऊंची. गावात आठवीपुढे शाळा नाही, म्हणून इथेच राहून शिकत होती. हर्षालीच्याच वर्गात, हर्षालीच्याच खोलीत. नाटकात ती राम होती.

दिनेशभाऊंनी अर्धा चहा प्याला, गॉगल कपाळावर सरकवला आणि घसा साफ केला. "संध्या, रागवू नको. पन आमचं ठरलंय."

"काय ठरलंय?"

"आरोहीला समदं पाठ हाय. त्राटिका तिला दे. रामाला काय, चार-दोन वाक्यं. कोनी बी म्हनंल. हर्षालीला झाडांत हुबी कर."

"कोणाकोणाचं ठरलंय हे?"

दिनेशभाऊंनी भावाकडे पाहिलं. संतोष पेपर वाचत होता आणि गेल्या दहा मिनिटांत त्याने पान उलटलं नव्हतं. संध्याला सगळं उमगलं. गेल्या सात वर्षांत या दोन भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन कुठे करायचं यावर नाही, गावच्या घराला पत्रा घालायचा की कौलं ठेवायची यावर नाही. आज झालं होतं, आणि तेही तिच्या पोरीला झाड करण्यावर.

"फोनवर ठरवलंत? माझ्या पाठीमागे?"

"समोर बोललो असतो तर तू ऐकलं असतंस का?" संतोष म्हणाला.

"म्हणजे पाठीमागेच!"

*

संतोषला भांडायचं नव्हतं. भांडणात संध्या त्याच्याकडून कधीच हरली नव्हती, आणि तो लग्नाआधीपासून हरत आला होता. त्याने पेपराची घडी केली.

"शाळेत मला बोलावलं होतं, तुला नाही," तो म्हणाला. "बाईंनी विचारलं, मुलगी मुकी आहे का? मी बाप आहे तिचा. काय उत्तर देणार होतो?"

"आणि झाडांत उभी राहिली की बोलायला लागेल?"

"निदान हसणार तरी नाहीत."

"हसू देत ना! हसून हसून किती हसतील? कॉलेजात तुम्हाला हसले, म्हणून तुम्ही वीस वर्षं तोंड मिटून बसलात. तिलाही तेच शिकवायचं का?"

हे खरं होतं आणि म्हणूनच त्याला झोंबलं. आश्रमशाळेतून तो नाशिकच्या कॉलेजात आला, पहिल्याच तासाला उभा राहून "सर, माजं पुस्तक हाय" म्हणाला, आणि अख्खा वर्ग बाकं बडवत हसला. तेव्हापासून तो एकेक वाक्य मनात धुऊन, वाळवून मगच बाहेर काढायचा. बहुतेक वेळा तोवर बोलण्याची वेळ निघून गेलेली असायची. ऑफिसात लोक त्याला सज्जन म्हणत.

"तू निफाडची. द्राक्षबागेतली. तुझ्या बोलण्याला कधी कोणी हसलंय?" तो म्हणाला. "म्हणून तुला ते सोपं वाटतं."

संध्या खिडकीबाहेर बघायला लागली.

"संतोष म्हनतो ते बराबर हाय," कुसाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पोर चार लोकांत हसू झाली, आपल्याला बघवलं न्हाय. परत कशाला?"

इतका वेळ गप्प असलेल्या आबांनी तेव्हा मांडीवरचं गाठोडं सोडलं. आतून त्राटिका निघाली. लाल तोंड, बाहेर आलेले दात, भुवया चढलेल्या, आणि चौतीस वर्षांच्या घामाने आतली कड काळी पडलेली. मुखवटा घराबाहेर काढायचा तो फक्त चैत्रात. पौषात तो पेठ रोडवरच्या फ्लॅटमध्ये पाहून दिनेश अर्धवट उठलाच.

"आबा, ह्ये काय? पुजा न्हाय, नारळ न्हाय..."

"बस खाली. फोडला नारळ," आबा म्हणाले. "माज्यामुळं पोरीचं हसू झालं. रस्ता मीच काढनार. मला सांगा, सोंग कवा बोलतं का? सोंग नाचतं. बोलनारा बाजूला हुबा ऱ्हातो. हर्षाली ह्ये घालून नाचंल. आरोही मागून बोलंल. तोंडच दिसलं न्हाय तर हसनारा हसंल कुनाला?"

संतोषला वाटलं, सुटलो. पोरगी नाटकातही राहील आणि झाकलीही जाईल. दिनेशचं म्हणणंही अर्धं राखलं जाईल. त्याने बायकोकडे पाहिलं. संध्या मुखवट्याकडे टक लावून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत आईपेक्षा ताई जास्त होती. तिला प्रकाश दिसत होता, पडदा दिसत होता, परीक्षक वाकून एकमेकांशी बोलताना दिसत होते.

"दिसेल मात्र सुंदर," ती हळूच म्हणाली. म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"त... तू पण?"

दारात हर्षाली उभी होती. मागे आरोही. दोघींनी सगळं ऐकलं होतं. तीन खोल्यांच्या घरात न ऐकून जातात कुठे?

"बाळा, नुसता विचार चाललाय," संतोष म्हणाला.

"मला म... म..."

"मुखवटा नको," त्याने पुरं केलं.

हर्षाली गर्रकन त्याच्याकडे वळली. तिचे कान लाल झाले होते. "न... नाही! बाबा, मला हे म्हणायचंच नव्हतं! मला म्हणायचं होतं, मला म... माझं तोंड आहे."

त्यावर बोलली ती आरोही, आणि फुकट घालवायला तिच्याकडे शब्द कधीच नसत.

"आणि मला विचारलं का कोणी? त्राटिका मला पाहिजे होती. आजपण पाहिजे. हिची निवड झाली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते, काकूला विचारा. पण मागून बोलायला मी काय लाउडस्पीकर हाय का? मी नाय बोलणार."

"आगाऊपणा करू नको," दिनेश म्हणाला.

"पप्पा, तुमीच म्हणालात, शहरात जा, बोलायला शीक. शिकले."

*

कुसाबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांचं मन अजून मुलांच्याच बाजूने होतं, पण मघापासून त्यांचे डोळे त्या मुखवट्यावर होते. चौतीस वर्षं त्याचे पट्टे त्यांनी बांधले होते, त्राटिकेचा घागरा त्यांनी शिवला होता, आबांच्या सुजलेल्या मानेला तेल त्यांनी चोळलं होतं. मैदानात मात्र बायकांची जागा दोरीच्या मागे. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, कुसाबाई, तुला काय पाहिजे? विचारलं असतं तर उत्तर तयार होतं असंही नाही. पण विचारायला काय जात होतं?

त्या नातीसमोर जमिनीवर बसल्या. "बाये, तुला काय पाहिजे ते सांग. सावकाश सांग. मला कुठं बस पकडायची न्हाय."

हर्षालीने सांगितलं. वेळ लागला. मध्ये दोनदा दिनेशने तोंड उघडलं आणि दोनदा आरोहीने त्याच्या पायावर पाय दिला.

"आजी, शब्द माझ्याकडे असतो. दाराला कडी लागलेली असते. मी आ... आतून कडी काढत असते. तेव्हाच तुम्ही सगळे बाहेरून दार ढकलता. ढ... ढकललं की कडी जास्तच घट्ट बसते. मागच्या वर्षी मी कडी काढतच होते. निघालीच असती."

आबांचा हात मुखवट्यावर होता, तो तिथेच थांबला.

"म्हणून मी अडकले तर अडकू द्या. कोणी बोलायचं नाही. टाळी नाही, ठेका नाही. मानसुद्धा हलवायची नाही. कबूल असेल तर या. नसेल तर घरी ब... बसा."

"आन् सोंग अडलं तर?" आबांनी विचारलं.

"अडलं तर अडू द्या."

"पोरी, घरच्यांनी उचललं न्हाय तर..."

"आबा, मला उचलू नका. मी प... पडलेली नाहीये."

म्हाताऱ्याने मुखवटा मांडीवरून बाजूला ठेवला. "मला जमायचं न्हाय," शेवटी तो म्हणाला. "जन्मभर उलटंच केलंय."

"मग तालीम करा," हर्षाली म्हणाली. "आम्ही तीन महिने केली. तुम्हाला दोन तास आहेत."

आणि तिने खरोखरच तालीम लावली. घरच्यांना सोफ्यावर आणि जमिनीवर रांगेत बसवलं, स्वतः टीव्हीपुढे उभी राहिली, आईच्या हातात घड्याळ दिलं. संध्या निमूट बसली. आज ती ताई नव्हती. त्राटिकेचं पहिलं वाक्य होतं, "मी इथली. तुम्ही मागून आलात." संध्याने पूर्वी एकदा म्हटलं होतं की वाक्य बदलून देते, 'मी'ने सुरू व्हायला नको. पोरीने ऐकलं नव्हतं.

पहिल्या खेपेला हर्षाली अडकलीच नाही. वाक्य धडाधड म्हणून मोकळी झाली, आणि सगळे असे हिरमुसले की कुसाबाईंना हसू फुटलं.

दुसऱ्या खेपेला अडकली. तिसऱ्या सेकंदाला दिनेशची बोटं गुडघ्यावर वाजायला लागली. "पप्पा बाद," आरोही म्हणाली. त्याने हात मांडीखाली घेतले.

तिसऱ्या खेपेला सात सेकंद गेले. आबांच्या मानेच्या शिरा फुगल्या, ओठ थरथरले आणि "मी इथली!" असा आवाज घुमला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"आबा बाद."

"आपसूक निघतंय गं!"

"म्हनजे लघवी हाय का ती?" कुसाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, नागलीच्या भाकरीचा जाड तुकडा आणला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "दातांत धरा. चावायचं न्हाय, बोलायचं न्हाय."

चौथ्या खेपेला हर्षाली पुन्हा अडकली तेव्हा संतोष उठला. लेक समोर उभी आहे, तिचे ओठ मिटलेले, गळा ताठ, आणि आपल्याला तो शब्द ठाऊक आहे. हे त्याच्याच्याने सोसवेना. त्याने चपला घातल्या. "मला नाही जमणार. मी येत नाही," तो म्हणाला आणि दार ओढून निघून गेला. संध्या त्याच्या मागे जायला उठली, तर कुसाबाईंनी तिचा पदर धरला.

"त्याचं बी अडलंय," त्या म्हणाल्या. "ढकलू नको."

हर्षालीने दाराकडे पाहिलं नाही. ती पुन्हा उभी राहिली. अकरा सेकंद अडकली, आणि अकरा सेकंद त्या खोलीत कोणी हललं नाही. वाक्य सुटल्यावर आबांनी भाकरी दातांतून काढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चौतीस येळा मेलो," ते म्हणाले, "येवढा तरास कवा झाला न्हाय."

*

नाट्यगृहात आबा पाचव्या रांगेत बसले. डावीकडे कुसाबाई, उजवीकडे दिनेश, त्याच्या पलीकडे संतोषची खुर्ची. ती रिकामी होती म्हणून तिच्यावर मुखवट्याचं गाठोडं ठेवलं होतं. संध्या मुलांबरोबर आत होती. तिसरी घंटा झाली आणि कुसाबाईंनी पदराची गाठ सोडून भाकरीचा तुकडा पुढे केला. आबांनी तो मुकाट दातांत धरला.

नातीने प्रवेश केला तेव्हा त्यांनी आधी तिचे पाय पाहिले. तीच चाल. उजवा पाय घासत, डावा आपटत, कमरेतून अर्धी गिरकी. त्यांनी ती कोणाला शिकवली नव्हती. सुट्टीत अंगणात ते दिनेशला दाखवत, तेव्हा ही पोरगी ओट्यावर बसून बघायची, एवढंच. कुसाबाईंचं हिरवं लुगडं काष्टा घालून नेसलेली, केस मोकळे, आणि तोंड उघडं. आबांना कसंतरीच झालं. त्राटिकेचं तोंड एवढं लहान, एवढं कोवळं असेल असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

आरोही धनुष्य घेऊन आली. "त्राटिके, वाट सोड!"

गावात इथे बाण सुटतो आणि त्राटिका कोसळते. इथे त्राटिकेने पाय रोवले, हात वर केला आणि प्रेक्षकांकडे तोंड केलं. आता ते वाक्य.

वाक्य आलं नाही.

आबांनी भाकरीत दात रुतवले. हर्षालीचे ओठ मिटले होते, हनुवटी पुढे आली होती. तीन. चार. आबांचे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले, तशी कुसाबाईंनी त्यांची मांडी घट्ट दाबून धरली. सहा. मागून कोणीतरी फिसकन हसलं. आठ. पुढच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या बाई मायेने पुढे झुकल्या आणि कुजबुजल्या, "मी... मी... म्हण बाळा." त्यांच्याकडे नाटकाची छापील पत्रिका होती आणि तिच्यात ते वाक्य होतं. आबांनी हात लांब करून त्यांच्या खांद्यापुढे पंजा धरला. आडवा, सरळ, बोटं जुळलेली. मैदानात संबळवाल्याला थांबवायची ती खूण. बाईंनी वळून पाहिलं, तर मागे भाकरी तोंडात धरलेला एक म्हातारा डोळे वटारून बसलेला. त्या गप्प झाल्या.

पण तेवढ्यात मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. अडलेल्या पोराला धीर द्यायच्या टाळ्या. चांगल्या मनाने दिलेल्या. एक, मग दहा, मग पन्नास. आबांनी घाबरून मागे पाहिलं. एवढ्या मोठ्या थिएटराला पंजा कुठून दाखवणार?

मागे दरवाजाच्या उजेडात एक माणूस भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. मधल्या वाटेवर, जिथे सगळ्यांना दिसेल तिथे येऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला. आडवा पंजा, बोटं जुळलेली. संतोष. जो ऑफिसच्या मीटिंगमध्ये पाणी मागायलाही उठत नाही तो संतोष, चारशे अनोळखी लोकांकडे तोंड करून, हात वर करून, एक अक्षर न बोलता उभा होता. टाळ्या विरत गेल्या. हसणाराही थांबला. आबांना आपल्या धाकट्या मुलाचा इतका अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता, आणि तो वाटून घ्यायलाही आत्ता सवड नव्हती.

नाट्यगृहात आता पंख्यांचाच आवाज होता. हर्षालीने मान खाली घातली नव्हती. ती एकेका रांगेकडे बघत होती, आणि हळूहळू असं वाटायला लागलं की अडकलेली ती नाही, तिनेच या सगळ्यांना थांबवून ठेवलं आहे.

"मी," ती म्हणाली. "मी इथली. तुम्ही मागून आलात."

मग तिने एक श्वास घेतला आणि नाटकात नसलेलं वाक्य म्हटलं. "आणि मी स... सावकाशच बोलणार. ज्याला घाई असेल, त्याने बाण मारून घ्यावा."

आरोहीचं धनुष्य खाली आलं. ते तालमीत ठरलेलं नव्हतं. पुढच्या पाऊण तासात हर्षाली आणखी पाच वेळा अडली आणि पाच वेळा कोणी हललं नाही. पडदा पडल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हा आबांनी तोंडातली भाकरी चावून गिळून टाकली.

*

"चार मिनिटं जास्त झाली," संध्या गाडीतळावर म्हणाली. "गुण कापणार. नक्की कापणार."

"कापू दे," कुसाबाई म्हणाल्या.

"मला वाईट वाटतंय, आई. खोटं कशाला बोलू? बक्षीस हवं होतं मला." तिने लेकीचे मोकळे केस मुठीत धरून उगीच मागे सारले. "आणि सकाळी मी जे म्हणाले ना, मुखवट्याचं..."

"ऐकलं मी," हर्षाली म्हणाली. "र... राग आलाय. जाईल."

संतोष जरा लांब उभा होता. लेक त्याच्याकडे गेली आणि त्याने वर केला होता तो हात तिने हातात घेतला. तो काहीतरी म्हणायला गेला. वाक्य मनात धुवायला लागला, मग तसंच न धुता बाहेर काढलं. "लय भारी केलंस," तो म्हणाला.

आबा जीपला टेकले होते. त्यांनी गाठोडं सोडलं, मुखवटा काढला आणि सगळ्यांच्या देखत नातीच्या हातात दिला.

"दोन सालं झाली, माजे गुडघे गेले. दिनेश नाचवतो. त्याचं पाऊल पडतं का बैल बसतो, कळत न्हाय."

"आबा!" दिनेश म्हणाला.

"औंदा चैत्रात त्राटिका पोरगी नाचवंल. आन् तिला बोलायचं आसंल तर बोलंल बी."

दिनेशच्या हातात जीपची किल्ली तशीच राहिली. जीपचं दार सताड उघडं होतं आणि बाहेर पडायची वाट अडली होती. मागे एक पांढरी गाडी येऊन थांबली. "आबा, बाईमानूस मैदानात? कवा झालंय का आसं? पंच बसत्याल. गाव गोळा हुईल. काय सांगू मी त्यांना?"

आबांकडे उत्तर तयार होतं. जिभेवर आलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, नातीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

सगळे हर्षालीकडे वळले. तिने मुखवटा छातीशी धरला होता. ओठ मिटले, हनुवटी पुढे आली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मग लांबलचक दिला. मग काच खाली करून तो काय काय बोलला. दिनेश दार लावायला वळला नाही. कुसाबाई, संध्या, संतोष, आरोही, कोणीही जागचं हललं नाही. आबा दोन्ही हात पाठीमागे बांधून, नातीच्या तोंडाकडे बघत, भर वाटेत उभे होते.

"मी," हर्षाली म्हणाली. "मीच सांगेन त्यांना."